‘अचानक’ गेलेली माणसं

“सिस्टर, पाणी उकळलेलंच आहे ना?” विश्वंभरबुवांनी भांडं तोंडाशी नेता नेता थांबून विचारलं.

“दोनदा उकळलंय, बुवा.”

“आता त्यात चहाची पूड टाकायची तेवढी राहिलीया,” देवळाच्या ओवरीच्या पायरीवरून आबा शिंत्रे म्हणाले. आबा म्हणजे राममंदिराचे पंच, बुवांचा मुक्काम त्यांच्याकडंच. “सात दिस झालं, आमच्या सूनबाईच्या दोन चुली पेटत्यात. एक भाकरीची, एक बुवांच्या पाण्याची.”

“हसा, आबा, हसा,” बुवा म्हणाले आणि स्वतःच आधी हसले. “तुमच्या सूनबाईला माझा आशीर्वाद आहे. तिच्या घरात पाण्यानं माणूस जायचा नाही.”

हसता हसता त्यांनी डावा खांदा चोळला. मी ते पाहिलं. ते पाहिल्याचं मला आज छत्तीस वर्षांनीही लख्ख आठवतं.

शहाऐंशी सालची रामनवमी. मोहतरवाडीच्या उपकेंद्रात मी नर्स होते. माझं नाव अनसूया हे गावातल्या चार माणसांना तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे. लहानथोर सगळे सिस्टर म्हणत. कीर्तनाचं वेड मला आईच्या मांडीवर असल्यापासूनचं. आमच्या कामाच्या गावांच्या यादीत या गावाला राममंदिर आहे आणि चैत्रात सात दिवस कीर्तन असतं, एवढं ऐकूनच मी ही बदली मागून घेतली होती. लोक रस्ता बघून, शाळा बघून बदली मागतात. साहेबांनी मला दोनदा विचारलं होतं, “नक्की ना?”

बुवा दर वर्षी यायचे. साठीला टेकलेले, अंगानं भरलेले, आवाज असा की पहिल्या ‘जय जय राम’ला देवळातली कबुतरं उठायची. ते सात वर्षांचे असताना कुठल्याशा यात्रेत त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण दोन दिवसांत पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, गेली. यात्रेला आलेल्या एका कीर्तनकारांनी त्या पोराला उचलून घरी नेलं, वाढवलं आणि चिपळ्या हातात दिल्या. तेव्हापासून पन्नास वर्षं बुवांनी कच्च्या पाण्याचा थेंब ओठाला लावला नव्हता. राजा जेवायला बोलावो की गरीब, पहिला प्रश्न पाण्याचा.

बाकी कशालाच त्यांची ना नसायची. आणि गावाचं प्रेम म्हणजे काय विचारता! आज याच्याकडं पुरणपोळी, उद्या त्याच्याकडं शिरा. बुवांच्या पानावर तुपाची धार धरली की “पुरे” म्हणायची सोय नव्हती. वाढणाऱ्या बाईचं तोंड उतरायचं. ते तोंड बुवांना बघवत नसे. ते आणखी एक पोळी घेत.

“आणलंत ते?” बुवांनी भांडं खाली ठेवलं.

मी पिशवीतून वही काढली. उत्सवाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, “सिस्टर, पूर्वी या गावात माणसं कशानं मरत असत? कुठं लिहिलेलं असेल का?” रामजन्माच्या कीर्तनात पूर्वरंगाला, कथेआधीच्या भागात, त्यांना नरदेहाचं निरूपण करायचं होतं. “देहाबद्दल बोलायचं तर याच गावच्या देहांबद्दल बोलावं. पोथीतलं कुणी कुठं पाहिलंय?” म्हणून सहा दिवस दुपारची चावडीत बसून मी जुनी मृत्यूची नोंदवही उतरवून घेतली होती. पिवळी पडलेली पानं, कोतवालानं सांगितलेलं आणि पाटलानं लिहून घेतलेलं.

मी वाचायला लागले. सन सत्तावीस, श्रावण महिना, पटकी, एकेचाळीस. पुढच्या वर्षी गाठीचा ताप म्हणजे प्लेग, सतरा. देवी, नऊ, त्यातली सात मुलं. हगवण. नुसता ताप. खोकला, रक्त पडून. मग बायका: बाळंतपणात, बाळंतपणात, बाळंतरोग. कितीतरी ओळींत ‘मूल, नाव ठेवले नव्हते’ एवढंच.

आबांचा हात विडीच्या बंडलावरच राहिला. बुवांनी डोळे मिटले होते.

“एकेचाळीस,” ते म्हणाले. “आणि गाव केवढं?”

“नऊशे.”

“रामा रे.”

मी पानं उलटत गेले. पटकीची शेवटची नोंद त्रेपन्नची. देवीची शेवटची सदुसष्टची. बाळंतपणातलं मरण मी आल्यापासून एकच, तेही पहिल्या वर्षी, आणि त्या बाईचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. हे सांगताना माझा आवाज थोडा चढला असेल. चढायचाच. या विहिरींत मी स्वतः पावडर टाकत होते, घरोघरी सुया टोचत होते, शिव्या खात होते.

“मग आता माणसं मरतात तरी कशानं?” बुवांनी डोळे उघडून विचारलं.

“म्हातारपणानं. चार जण अपघातानं. एकीनं विहीर जवळ केली. आणि हे माझ्या इथल्या दहा वर्षांतलं बघा. ‘अचानक’ असं लिहिलेलं, चौदा.”

“अचानक म्हणजे?”

“म्हंजे आमच्या धाकल्या भावावानी, तात्यावानी,” आबा म्हणाले. “जेवून उठला, हात धुतला, म्हणला छातीत जळजळतंय, आन् भित्तीला टेकला तो टेकलाच. पन्नाशी बी नव्हती. पर भाग्यवान! अंथरूण न्हाई, औशीद न्हाई, कुणाला तरास न्हाई.”

“चौदा म्हणजे सगळ्यांत जास्त झाले की हो,” बुवा म्हणाले.

“हो,” मी म्हटलं. “सगळ्यांत जास्त.”

आम्ही तिघंही क्षणभर त्या आकड्याकडं बघत बसलो. मग बुवांना ढेकर आली, आंबट, त्यांनी तोंड वाकडं केलं आणि तो क्षण गेला.

“काल आमटी जास्त झाली वाटतं. पहाटेपासून इथं भरल्यासारखं आहे.” त्यांनी छातीच्या मधोमध तळवा ठेवला. “आणि हा हात. चिपळ्यांचा हात ना, सात दिवस वाजवून भरून आलाय.”

“ओवा खावा,” आबा म्हणाले.

“आज जन्मापर्यंत तोंडात काही घालायचं नाही, आबा. पाणी तेवढं.”

“गोळी चालेल का उपासाला?” मी विचारलं. माझ्याकडं चघळायच्या पांढऱ्या गोळ्या होत्या, पित्ताच्या. “औषधाला उपास नसतो.”

“तुम्ही देताय ना? मग रामानंच दिली.” त्यांनी दोन गोळ्या चघळल्या, पाणी प्यायले. “तुमच्या हाताला यश आहे, सिस्टर. एकेचाळीसचे शून्य केलेत तुम्ही.”

माझ्या पिशवीत रक्तदाब मोजायचा पट्टा होता. तिथून गेल्यावर मला सातव्या महिन्यातल्या एका पोरीकडं जायचं होतं, म्हणून घेतला होता. तो पट्टा पुरुषाच्या दंडाला बांधावा हे माझ्या मनातही आलं नाही. तो गरोदर बायकांसाठी असतो असंच आम्हाला शिकवलेलं. ताप, जुलाब, गोवर, बाळंतपण. मरण येणार ते याच चार दारांनी, आणि त्या चारही दारांशी मी नोकरीची पंधरा वर्षं काठी घेऊन उभी होते.

सव्वादहाला कीर्तन सुरू झालं. सभामंडप गच्च भरला होता. पुढं बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं, मध्ये रामाचा पाळणा फुलांनी मढवलेला. खांबावर मोठं घड्याळ, कारण जन्म बरोबर बाराला व्हायला हवा. पुजाऱ्याचा एक डोळा सारखा त्या काट्यांवर. पेटीवर नाना कासार, तबल्यावर त्यांचा भाचा. मी बायकांत सगळ्यांत पुढं, दोन हातांवर बुवा.

बुवांनी गळ्यात हार घालून घेतला, नमन केलं आणि पूर्वरंगाला माझी वही काढली.

तसं कीर्तन मी पुन्हा ऐकलं नाही. त्यांनी ती नोंद गायली हो! एकेचाळीस माणसं, एका श्रावणातली. एका घरातली पाच नावं त्यांनी एका दमात म्हटली, बाप, आई, दोन मुलगे, एक सून, आणि नाना कासारांनी पेटीवर नुसता एक सूर धरून ठेवला. मागं बसलेली ठकूआजी मोठ्यानं म्हणाली, “माझ्या आत्याचं घर गं ते!” आणि सगळा मंडप हुंदक्यांनी भरला.

“ही माणसं वाईट नव्हती,” बुवा म्हणाले. “यांनी उपासतापास केले, नवस केले. पाणी पीत होती, एवढाच त्यांचा अपराध. आणि आज? आज या गावात पाण्यानं कुणी मरत नाही. का मरत नाही? तर ही बाई बसलीय ना इथं, हिच्यामुळं. रामाला हात जोडायच्या आधी हिला जोडा.”

सहाशे माणसांनी माझ्याकडं वळून हात जोडले. मला जमिनीत जावंसं वाटलं आणि आभाळाएवढी मी झाले. दोन्ही एकदम.

मग त्यांनी लोकांना हसवलं. “यमराजही आता सुधारला बरं का. पूर्वी रेड्यावरून यायचा, गाव तुडवत. आता शहाण्या पाहुण्यासारखा येतो. जेवण आटोपू देतो, हात धुऊ देतो, आणि मग हळूच म्हणतो, निघायचं का?” आबा शिंत्रे डोळे पुसत खदाखदा हसले. सगळे हसले. मीही.

अकराला उत्तररंग सुरू झाला. अयोध्येचं वर्णन, राजाच्या घरी मूल नाही त्याचं दुःख. बुवा त्या दुःखात शिरले की नेहमीच वेगळे दिसायचे. पण त्या दिवशी सव्वाअकराच्या सुमाराला त्यांच्या कपाळावर घाम आला आणि तो थांबेना. चैत्राचं ऊन, सहाशे माणसं. घाम सगळ्यांनाच होता. त्यांचा मात्र फेट्याखालून धारेनं खाली आला, उपरणं भिजलं, अंगरखा पाठीला चिकटला.

तिसऱ्या दिवशीच्या कीर्तनात बुवांनी आम्हाला अष्टसात्त्विक भाव सांगितले होते. भक्ताच्या देहात देव उतरतो तेव्हा देह आठ खुणा दाखवतो: अंग ताठतं, घाम फुटतो, रोमांच उठतात, आवाज फुटतो, कंप सुटतो, चेहऱ्याचा रंग उडतो, डोळे वाहतात, आणि शेवटी भान हरपतं. आमच्यासारखे कीर्तनवेडे श्रोते या खुणांसाठी जीव टाकायचे. शंभर कीर्तनं ऐकावीत तेव्हा एखाद्या बुवाचा आवाज एखाद्या ओळीवर खरोखर फुटतो, आणि तेवढ्यासाठी आम्ही जन्मभर पुढं जाऊन बसायचं.

बुवांचा आवाज फुटला. ‘रामा’ या शब्दावर. त्यांनी पुन्हा म्हणायचा प्रयत्न केला, पुन्हा फुटला.

“आहाहा,” पुरुषांतून कोणी म्हणालं.

चिपळ्या धरलेला हात कापत होता. चेहरा राखेसारखा झाला होता. माझ्या शेजारची सावित्री माझा दंड धरून कुजबुजली, “सिस्टर, बघा वं, रंग कसा उडालाय! आपल्या डोळ्यांदेखत!” तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. माझ्याही.

बुवांनी माझ्याकडं बघितलं.

मी हात जोडले.

त्यांनी पुढचं चरण म्हटलं, अर्धंच, आणि बाकीचं नानांनी पेटीवर सांभाळून घेतलं. पुन्हा माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, माझी वही त्यांनी गायली, ती मला आवडली का, हे विचारतायत. मी मान डोलावली आणि हसले. मी हसले! कृतार्थ झाल्यासारखी.

तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा त्यांचा डावा हात चिपळ्यांसकट छातीवर होता, मूठ आवळलेली. तेव्हा माझ्या आत काहीतरी हललं. छातीत जळजळतंय म्हणत भिंतीला टेकलेले आबांचे तात्या आठवले. मी अर्धी उठले.

“बसा की, सिस्टर,” मागून कोणीतरी माझा पदर ओढला. “जन्माला आठ मिन्टं राहिल्याती.”

मी घड्याळाकडं बघितलं. बाराला आठ कमी. कीर्तनकार नारदाच्या जागेवर उभा असतो. त्याला मध्ये थांबवायचं नाही, उठून जायचं नाही, असं आईनं मला शिकवलेलं. आणि रामाचा जन्म तोंडावर आलेला. मी स्वतःला म्हटलं, आठ मिनिटं. आठ मिनिटांनी बघते.

मी खाली बसले.

बाराचा ठोका पडला. शंख, घंटा, गुलाल. पाळण्याची दोरी ओढायला बायकांची झुंबड उडाली. बाहेर अॅटमबॉम्ब फुटले. बुवांनी शेवटचा जयजयकार कसाबसा केला, पाळण्याच्या खांबाला धरून हळूहळू खाली बसले आणि डोकं खांबाला टेकून राहिले. डोळे अर्धे मिटलेले. गालांवर गुलाल.

“समाधी लागली!” आबा ओरडले. “बुवांना समाधी लागली!”

लोक धावले ते पायांवर. एकेक जण बुवांच्या पावलांवर डोकं ठेवत होता, पोरांची डोकी टेकवत होता. मी गर्दीत घुसायला लागले, तर माणसं मला वाट देईनात. त्यांना वाटलं, मलाही पाया पडायचंय, रांगेनं यायला काय झालं. पेटी थांबली. नाना कासार उभे राहून ओरडले, “सिस्टर! अहो, सिस्टर कुठायत?” त्या गर्दीत नानांनाच एकट्याला कळलं होतं. ते बुवांच्या श्वासाबरोबर पेटी वाजवत. श्वास कुठं थांबला ते त्यांना कळलं.

मी पोचले, नाडी धरली. आबांनी माझा हात बाजूला केला. “समाधीत हात लावू नगा, बाई! भंग व्हईल.”

“आबा, नाडी लागत नाही.”

“समाधीत नाडी लागत न्हाई, त्यांनीच सांगितलंय की परवा!”

मी आबांना ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा एका वडीलधाऱ्या माणसाला दोन्ही हातांनी ढकललं. दुधाचा टेम्पो देवळासमोरच उभा होता, सकाळपासून. त्यात बुवांना घातलं. नऊ किलोमीटरवर दवाखाना. नाना बुवांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि सगळा रस्ता एकच म्हणत होते, “शेवटची तान घेतलीच न्हाई त्यांनी. तान घेतलीच न्हाई.”

डॉक्टर नवीन होते, पंचविशीतले. त्यांनी तपासलं, कान लावला, बॅटरी डोळ्यांत मारली, आणि बॅटरी खिशात ठेवून दिली.

“घाम कधीपासून येत होता?”

“सव्वाअकरा.”

“डावा हात दुखत होता?”

“सकाळपासून.” मी उभी होते, भिंत धरून. “डॉक्टर, त्यांना मी पित्ताची गोळी दिली.”

भला माणूस होता. “हार्ट अॅटॅक,” म्हणाले. “सव्वाअकराला आणलं असतंत तर तालुक्याला पोचवलं असतं. वाचले असते असं मी छातीवर हात ठेवून सांगत नाही, सिस्टर. पण बघता आलं असतं.”

तिसऱ्या प्रहरी आम्ही बुवांना गावात परत आणलं तेव्हा वेशीपासून देवळापर्यंत रांगोळ्या घातलेल्या होत्या. गाव शोकात नव्हतंच. गाव भारावून गेलं होतं. रामनवमीचा दिवस, बाराचा ठोका, कीर्तनाच्या गादीवर देह ठेवला! असं मरण शंभर वर्षांत कुणाला आलं? आबांनी देवळाच्या उजव्या अंगाची जागा दाखवली. तिथंच बुवांचा चबुतरा बांधायचं ठरलंही होतं. मी सरकारी कागद भरत पायरीवर बसले होते. आबांनी वाकून बघितलं.

“हे काय लिवताय? हृदयविकार? अहो, देवाघरी गेलेल्या माणसाला रोग कसला लावताय! अचानक म्हणून लिवा.”

“चौदा वेळा तेच लिहिलंय, आबा,” मी म्हटलं. “मीच लिहिलंय.”

पाचच्या सुमाराला बुवांच्या पत्नी आल्या, मंदाकिनीवहिनी. सोबत धाकटे दीर. बारीक अंगाच्या, करड्या केसांच्या, नऊवारी नेसलेल्या. त्यांना कळवायला गेलेल्या माणसानं वाटेत सगळं सांगितलेलं असणार, कारण त्या टेम्पोतून उतरल्या त्या कोरड्या डोळ्यांनी. बुवांच्या शेजारी बसल्या. त्यांच्या गालावरचा गुलाल पदरानं पुसायला गेल्या, तर सावित्रीनं हात धरला.

“पुसू नका वहिनी. रामाचा गुलाल हाय.”

वहिनींचे ओठ थरथरले. लगेच चार बायका म्हणाल्या, “रडू नका हां. अशा मरणाला रडायचं नसतं. जिवाला अडथळा व्हतो. भाग्याचं मरण आलं, वहिनी, तुम्ही भाग्याच्या.” ठकूआजीनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. वहिनींनी ओठ मिटून घेतले आणि मान हलवली. असं तासभर चाललं. जो येईल तो आठही खुणा मोजून सांगे, घाम कसा, कंप कसा, रंग कसा उडाला. आणि त्या ऐकत बसल्या होत्या, पाहुण्याच्या घरी मूल बसतं तसं, हात मांडीवर ठेवून.

मग त्या उठल्या आणि तोंड धुवायला मागच्या आडावर आल्या. मी पाणी ओढून दिलं. त्यांनी चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं आणि आडाच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

“तुम्ही अनसूयाबाई ना? हे सांगायचे तुमच्याबद्दल. दहा वर्षांत एकदा तुमच्या गावाला घेऊन जाईन म्हणायचे, राहून गेलं.” जरा थांबून म्हणाल्या, “मघापासून मनाला एकच समजूत घालतेय. तुम्ही समोरच होतात. नर्स समोर होती, म्हणजे करण्यासारखं काही नव्हतंच. नाही का?”

देवळात भजन सुरू झालं होतं. टाळ वाजत होते. मला ‘हो’ म्हणायचं होतं. एवढासा शब्द, त्यांना आयुष्यभर पुरला असता, आणि मलाही.

“वहिनी,” मी म्हटलं, “पाऊण तास होता.”

त्या कठड्यापासून सरळ झाल्या.

मी सगळं सांगितलं. खांदा चोळलेला, पित्ताची गोळी, पिशवीतला पट्टा. बुवांनी तीन वेळा माझ्याकडं बघितलं ते. “ते मला बोलवत होते, वहिनी. गादीवरून बोलता येत नव्हतं म्हणून डोळ्यांनी बोलवत होते. आणि मी हात जोडले. हसले मी त्यांना बघून. मग मला कळलं, तरी मी आठ मिनिटं बसून राहिले, जन्म व्हावा म्हणून.”

मला वाटलं, त्या मला मारतील. मारावं, असंही वाटलं. त्यांनी ओला पदर हातात पिळला, सोडला, पुन्हा पिळला.

“आठ दिवसांपूर्वी जिना चढताना थांबले होते,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “मी म्हटलं, वय झालं. लिंबूपाणी करून दिलं. उकळलेल्या पाण्यात.”

माझ्या हातातला पोहरा मी खाली ठेवला.

“सगळे म्हणतात, आनंदात गेले. चेहऱ्यावर तेज होतं म्हणतात.” त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचे हात गार होते. “तुम्हाला कळतं त्यातलं. खरं सांगा. खूप दुखतं का हो, त्यात?”

“हो,” मी म्हटलं. “खूप दुखतं, वहिनी.”

त्यांनी मान हलवली, एकदा, दोनदा. मग आडाच्या पायरीवर बसल्या, पदराचा बोळा तोंडात धरला, आणि नंतर तोही काढून टाकला. आणि मोठ्यानं, देवळातल्या टाळांवरून ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आपल्या माणसासाठी रडल्या. बायका धावत आल्या, गप्प करायला. मी मध्ये उभी राहिले. तोवर त्यांना कोणी रडूच दिलं नव्हतं.